गार्सिया मिचेल आणि अबू गार्सिया: आडनाव एक, घराणी दोन

जुन्या विलायती सामानाचा नाद असलेल्या गळवाल्यांत एक घोटाळा हटकून होतो. माळ्यावरच्या ट्रंकेतून गळाचा दोरा गुंडाळायचं एखादं रीळ निघतं, बाजूच्या पत्र्यावर 'गार्सिया मिचेल 300' अशी अक्षरं दिसतात आणि कुणीतरी ठासून सांगतो, "हे तर अबू गार्सियाचंच जुनं मॉडेल!" ते तसं नाही. मिचेल फ्रान्सचं, अबू स्वीडनचं. आणि ज्या गार्सियामुळे सगळा गोंधळ झाला, तो यातलं एकही रीळ बनवत नव्हता. तो न्यूयॉर्कचा आयातदार. फ्रान्सचं मिचेल आणि अबूचं अँबॅसडर रीळ, दोन्ही अमेरिकेत आणून तोच विकायचा आणि दोन्हींवर आपलं नाव ठोकायचा.

गंमत म्हणजे दोघांचं मूळ घड्याळांच्या धंद्यात. मिचेल बनवणारी कार्पानो अँड पोन्स ही कंपनी आल्प्समधल्या क्लूज गावची. घड्याळांचे सुटे भाग करणाऱ्या कारागिरांचा तो मुलूख. अबूचा कारखाना 1921 साली स्वीडनमधल्या स्वेंगस्टा इथे घड्याळांसाठीच निघाला. पुढे तिथे टॅक्सीचे मीटर होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, टॅक्सी थंडावल्या, मीटर कोण घेणार? मग त्याच यंत्रांवर रिळं सुरू झाली. गावाजवळून मोरुम ही सॅमनसाठी नावाजलेली नदी वाहते, त्यामुळे माल तपासायला लांब जायला नको.

कार्पवाल्यांच्या जगात आधी नाव झालं ते मिचेलचं. (कार्प म्हणजे आपल्या तलावांत सोडतात तो सायप्रिनस. इंग्लंडमध्ये तो खायला नव्हे, तर पकडून, वजन करून परत सोडायला धरतात.) 13 सप्टेंबर 1952 ला रिचर्ड वॉकर या इंग्रज गळवाल्याने हेरफर्डशायरच्या रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा, म्हणजे साधारण 20 किलोचा कार्प काढला, तेव्हा त्याच्या काठीला मिचेल रीळ होतं. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि 1971 पर्यंत तिथे जगला. ब्रिटनमधल्या सर्वात मोठ्या कार्पचा तो विक्रम मोडायला 1980 उजाडलं, तोही त्याच तळ्यात. एवढी जाहिरात पैसे मोजून मिळत नाही.

अबूचं नाव या जगात उशिरा चढलं. 1980 च्या सुमारास ब्रिटनमधल्या कार्पवाल्यांत अबूच्या कार्डिनल 55 या रिळाला भलताच मान होता. ब्रिटनमध्ये या रिळांवर गार्सिया हे नाव सहसा नसे, त्यामुळे घोटाळा होतो तो अमेरिकेतून आलेल्या मालाबाबत. त्यातही सत्तरच्या दशकात स्वीडनचंच कार्डिनल अमेरिकेत झेबको नावाने विकलं जात होतं. म्हणजे तिसराच घोळ!

हातात घेतल्यावर मात्र दोन्ही लगेच ओळखू येतात. मिचेल 300 चं अंग अंड्यासारखं, एका बाजूने चपटं. स्पूलच्या, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चकतीच्या, डोक्यावर बटण, ते दाबलं की स्पूल सुटून हातात येतो. हँडल डावीकडे, उजव्या हाताने फिरवायचं असेल तर 301 घ्यावं लागायचं. ड्रॅग, म्हणजे मासा दोरा ओढतो तेव्हा त्याला किती अडवायचं ते ठरवणारा ब्रेक, पुढे, स्पूलवरच. हिरव्या-क्रीम रंगाच्या जुन्या कार्डिनलचा ड्रॅग मागे, आकडे कोरलेल्या चाकावर. मासा ताणत असताना हाताचा अंगठा दोऱ्याजवळ न नेता ताण कमी-जास्त करता येतो. वीस किलोचा मासा झुडपांकडे धावतोय म्हटल्यावर ही सोय छोटी नाही. माझं मत विचाराल तर कारागिरीत मिचेल सरस, पण काठावर रात्र काढायची तर कार्डिनल बरं.

मग दिवस फिरले. 1978 मध्ये गार्सियाचं दिवाळं वाजलं. अबूने चपळाई करून गार्सियाचं नावच विकत घेतलं आणि 'अबू गार्सिया' जन्माला आलं. मिचेलचं मात्र अमेरिकेतलं दुकानच गेलं. त्यात जपानी माल जोरात आला. ऐंशीच्या दशकात शिमानोने बेटरनर काढलं: एक खटका ओढला की मासा दोरा हवा तेवढा घेऊन जातो, हँडल फिरवलं की ड्रॅग लागू. नेमकी कार्पवाल्यांना हवी तीच गोष्ट. तळ्याकाठच्या स्टँडवरून दोन्ही युरोपी नावं मागे पडत गेली.

आता खरी गंमत. मिचेल आधी अमेरिकेच्या जॉन्सन कंपनीकडे गेलं. बर्कली या अमेरिकी कंपनीने 1995 मध्ये अबू गार्सिया घेतलं आणि 2000 मध्ये जॉन्सनकडून मिचेलही. ही बर्कली म्हणजेच पुढची प्युअर फिशिंग. एकेकाळी एकाच आयातदाराच्या दुकानात शेजारी मांडलेली दोन रिळं पुन्हा एकाच मालकाच्या घरात आली. पुढे तो मालकही बदलत राहिला: 2007 मध्ये जार्डन, मग न्यूवेल, आणि 2018 मध्ये सिकामोर पार्टनर्सशी सौदा झाला, किंमत 130 कोटी डॉलर. या आकड्यात दोन घड्याळवाल्या गावांचा वाटा किती धरला असेल, देव जाणे.

तेव्हा जुनं रीळ घेताना नावावर जाऊ नका. मिचेल असेल तर अंगावर 'मेड इन फ्रान्स' शोधा. दुकानात आज मिळणारं मिचेल 300 हे वेगळंच यंत्र आहे, जुन्याचा स्पूल त्यावर बसवायच्या भानगडीत पडू नका. अबूचं असेल तर विकणाऱ्याकडून रिळाच्या पायाचा फोटो मागवा. सत्तरच्या दशकापासून तिथे आकडे ठोकलेले असतात: 780600 म्हणजे 1978 सालचा जून, शेवटचे दोन आकडे आवृत्तीचे. सुटे भाग मागवताना तो आकडा सोबत कळवा, नाहीतर भलत्याच मॉडेलचे भाग गळ्यात पडतील.