जीवनौकेवरील जीवरक्षण

जहाज सोडावे लागल्यावर मदत पोहोचेपर्यंत लाइफबोटीत तग धरण्यासाठी पाणी, अन्न, ऊब व शिस्त यांबाबत पाळावयाचे नियम या विषयात येतात. अवकाशयानातील आणीबाणीला आणि सांगली जिल्ह्यातील कृष्णा-वारणाकाठच्या महापुरालाही त्यांतील बरेच नियम लागू पडतात.

टायटॅनिकवर (1912) सुमारे 2,200 माणसे असताना तिच्या 20 बोटींत 1,178 जणांचीच सोय होती, आणि त्यांतीलही अनेक जागा रिकाम्या राहिल्या. त्यानंतर 1914 मध्ये सागरी जीवरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. सध्याच्या नियमांनुसार लाइफबोटीत माणशी 3 लिटर पाणी, कोरडे अन्न, खुणेचे अग्निबाण, आरसा आणि पाणी उपसण्याची भांडी असावी लागतात.

यांत पाण्याचे महत्त्व सर्वाधिक आहे. पहिल्या 24 तासांत जखमी वगळता कोणालाही पाणी न देण्याची आणि पुढे माणशी दररोज अर्धा लिटर देण्याची रीत आहे. समुद्राच्या पाण्यात सुमारे 3.5 टक्के क्षार असतात. ते बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावे लागते, त्यामुळे असे पाणी पिणारा अधिक लवकर दगावतो. पून लिम हा चिनी खलाशी 1942-43 मध्ये तराफ्यावर एकटा 133 दिवस जगला, तो साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर आणि पकडलेल्या माशांवर. अपोलो 13 या अमेरिकी चांद्रमोहिमेत (1970) प्राणवायूची टाकी फुटल्यावर तिघा अंतराळवीरांनी चंद्रावर उतरण्यासाठी दोघांपुरत्या बनवलेल्या यानात आश्रय घेतला. तेथेही पाणी मोजूनमापून वापरावे लागले आणि कर्बवायू शोषणारे चौकोनी डबे गोल जागेत बसवण्याची जोडणी हाताशी असलेल्या वस्तूंतून करावी लागली.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट व धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. येथे माणसे तग धरतात ती माडीवर किंवा गच्चीवर, आणि बोट त्यांना न्यायला येते. पुरात नळ बंद पडतात आणि चहूकडचे पाणी मैल्याने दूषित झालेले असते, म्हणून पाणी चढू लागताच पिण्याचे पाणी, औषधे आणि विजेरी वर नेऊन ठेवणे हे धान्य हलवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक निकडीचे काम आहे. गच्चीवर पडणारे पावसाचे पाणी स्वच्छ भांड्यात धरून, गाळून व उकळून वापरता येते.

बोटीत चढताना माणसे मोजणे हा सर्वांत महत्त्वाचा नियम, आणि घाबरलेल्या गर्दीत तो पाळणे सर्वांत कठीण. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे 8 ऑगस्ट 2019 रोजी पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेक ग्रामस्थांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती. गुऱ्हाळाच्या काहिलीतून (उसाचा रस आटवण्याच्या मोठ्या कढईतून) पाणी ओलांडण्याची जुनी रीत याहूनही धोक्याची आहे, कारण काठाकडे वजन झुकताच काहील कलंडते. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे, बसूनच राहावे आणि मुले व वृद्ध मध्यभागी असावेत. बुडालेली कुंपणे, उसाचे फड, झाडांच्या फांद्या आणि विजेच्या तारा यांत बोटीचा पंखा अडकू नये यासाठी बाहेरून आलेल्या पथकाबरोबर गावच्या पाणंदी ठाऊक असलेला एक स्थानिक माणूस बसवतात, आणि बोट शक्यतो दिवसाउजेडीच चालवतात.