पार्श्वभूमी : चोरून केलेला गर्भपात, सिनेमा आणि सातारा-सांगली

सांगली जिल्ह्यात ‘बेकायदा गर्भपात’ म्हटलं की म्हैसाळ आठवतं. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या या गावात एका विवाहित तरुणीचा गर्भपात करताना मृत्यू झाला आणि पुढच्या तपासात ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्यानंतर इथे या विषयावर जी पोस्टरं लागली, पथनाट्यं झाली, ती बहुतेक ‘मुलगी वाचवा’ सांगणारी होती. ते सांगायलाच हवं होतं. पण त्या गलबल्यात दुसरी एक मुलगी झाकली गेली. लग्न झालेलं नाही, दिवस गेलेत, घरी सांगायची सोय नाही. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून जत किंवा तासगावहून एसटी धरून ती मिरज गाठते. जगभरच्या दिग्दर्शकांनी गेल्या काही दशकांत पडद्यावर आणली ती ही मुलगी. आपल्याकडे मात्र तिची गोष्ट अजून नीट सांगितली गेलेली नाही, असं मला वाटतं.

या सिनेमांच्या मुळाशी कायदा आहे. भारतीय दंड संहिता १८६० ची आणि इंग्लंडमधला गर्भपाताला जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारा कायदा १८६१ चा. आपल्या संहितेतलं कलम ३१२ तर गर्भपात करून घेणाऱ्या बाईलाही गुन्हेगार ठरवत होतं. माईक ली यांचा ‘व्हेरा ड्रेक’ (२००४) त्या इंग्लंडच्या कायद्याच्या सावलीतल्या १९५० च्या लंडनमध्ये घडतो. घरकाम करणारी व्हेरा अडलेल्या पोरींना पैसे न घेता, साबणाचं पाणी आणि रबरी पिचकारी वापरून ‘मोकळं’ करते. त्याच सिनेमात एका श्रीमंत घरातल्या मुलीची सुटका मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, खासगी दवाखान्यात होते. कायदा एकच, पण पैसा असेल तर वाट निघते. हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागू नये.

फ्रान्सचा इतिहास याहून भीषण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या सरकारने गर्भपात हा देशाविरुद्धचा गुन्हा ठरवला आणि १९४३ मध्ये मारी-लुईझ जिरो या बाईचा गिलोटिनखाली शिरच्छेद केला. तिच्यावरून क्लोद शाब्रोल यांनी १९८८ मध्ये सिनेमा काढला. तिथे गर्भपात कायदेशीर झाला तो १९७५ मध्ये. त्याआधीच्या, १९६३ मधल्या एका कॉलेजकन्येची गोष्ट ऑद्रे दिवाँ यांच्या ‘हॅपनिंग’मध्ये आहे. तो सिनेमा फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांच्या आत्मकथनावर बेतलेला असून २०२१ मध्ये त्याला व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पडद्यावर फक्त आठवड्यांचे आकडे उमटत जातात आणि पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

पण सगळ्यांत जास्त हलवून सोडतो तो क्रिस्तियान मुंजिऊ यांचा ‘फोर मंथ्स, थ्री वीक्स अँड टू डेज’ (२००७). रोमेनियात लोकसंख्या वाढावी म्हणून हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने १९६६ मध्ये हुकूम ७७० काढला आणि मोजके अपवाद सोडून गर्भपात गुन्हा ठरवला. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हाच तो रद्द झाला. तोवर चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका गेल्या. सिनेमा यातलं काहीच सांगत बसत नाही. १९८७ सालातली दोन मैत्रिणींची हॉटेलातली खोली तेवढी दाखवतो. गर्भपात करणारा माणूस आधी तावातावाने हिशेब मागतो, खोली सांगितलेल्या हॉटेलात का घेतली नाही, महिने खोटे का सांगितले. मग पैसे कमी पडतात म्हटल्यावर तो दोघींच्या शरीराची किंमत लावतो. आवाज फारसा न चढवता. मैत्रीणही ती किंमत मोजते. त्यानंतर त्याच संध्याकाळी तिला मित्राच्या आईच्या वाढदिवसाला जेवायला जावं लागतं. टेबलाभोवती मोठी माणसं गप्पा मारतायत, कॅमेरा जागचा हलत नाही, आणि ती मध्ये दगडासारखी बसलेली. कान्स महोत्सवात या सिनेमाने ‘पाम द’ओर’ हा सर्वोच्च पुरस्कार पटकावला. कायद्याने कोंडलेल्या बाईकडून कोण काय काय वसूल करतं, हे इतकं जवळून दुसऱ्या कुठल्या सिनेमात मी पाहिलेलं नाही.

आपल्या हिंदी सिनेमाने या प्रसंगाला बगल दिली. ‘धूल का फूल’पासून (१९५९) ‘क्या कहना’पर्यंत (२०००) अविवाहित नायिकेला दिवस जातात, पण मूल जन्माला येतंच. मराठीत एक मोठा अपवाद आहे, तोही रंगभूमीवरून आलेला. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये सिनेमा केला. नाट्यपंढरी सांगलीला त्यातली नायिका, अविवाहित बेणारेबाई, नव्याने सांगायला नकोत. खोट्या खटल्यात तिच्यावर आरोप भ्रूणहत्येचा, आणि शेवटी तेच कोर्ट तिच्या पोटातला गर्भ नष्ट करायची शिक्षा सुनावतं. तिला या अवस्थेत टाकणारे प्रोफेसर दामले तिथे हजरसुद्धा नसतात.

त्याच १९७१ मध्ये संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या अहवालावर तो उभा होता.

याच्याही मागे जायचं तर सातारा जिल्ह्यातल्या नायगावला जावं लागतं, सावित्रीबाईंच्या माहेरी. २९ ऑगस्ट १८६८ ला त्यांनी तिथून जोतीरावांना पत्र लिहिलं. पंचांग सांगत फिरणारा एक ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतली एक मुलगी यांचं प्रेम जमलं होतं, मुलीला सहा महिने झाले होते. गावकरी दोघांना मारत रस्त्याने फिरवत होते, जीव घ्यायला निघाले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घालून त्यांनी दोघांना वाचवलं. पाच वर्षं आधी, १८६३ मध्ये, फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवांनी तिथे गुपचूप यावं, बाळंत व्हावं, जीव देऊ-घेऊ नये. रोमेनियातल्या त्या हॉटेलच्या खोलीत जे नव्हतं, ते या घरात होतं. सातारच्या मातीत यावर अजून सिनेमा का निघू नये?

आता कायद्याचं. १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांनाच देता येत होतं. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक स्त्रियांना २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताची जी मुभा आहे, तिच्यातही अविवाहित मुलींना वगळता येणार नाही, असं स्पष्ट केलं. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला नवऱ्याची किंवा आईबापाची सही लागत नाही, तिची स्वतःची पुरते. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. हे मिरजेच्या एसटी स्टँडवर उतरणाऱ्या किती मुलींना ठाऊक असेल? जुनं कलम ३१२ मात्र गेलेलं नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ८८ म्हणून आहे, आणि मान्यताप्राप्त दवाखान्याबाहेर गर्भपात करून घेणारी बाई त्यात आजही आरोपी होऊ शकते.