विश्वचषकातील शतके

एकदिवसीय क्रिकेटच्या विश्वचषक स्पर्धेत एका डावात शंभर किंवा त्याहून अधिक धावा करणाऱ्या फलंदाजाला विश्वचषकातील शतकवीर म्हणतात. ही स्पर्धा साधारण चार वर्षांनी एकदा येते, सामने मोजके असतात आणि बाद फेरीत एका पराभवाने गाशा गुंडाळावा लागतो. म्हणून एरवीच्या मालिकेतले शतक लोक महिनाभरात विसरतात, विश्वचषकातले मात्र पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. शंभराचा आकडा सगळ्यांना सारखाच. त्याचे मोल ठरते ते फलंदाज मैदानात उतरला तेव्हा सामना कुठे होता आणि तो परतला तेव्हा कुठे होता, यावरून.

विश्वचषकातले पहिले शतक पुरुषांचे नाही, ही गोष्ट अनेकदा निसटते. पहिला विश्वचषक महिलांचा झाला, १९७३ साली इंग्लंडमध्ये. होव्हच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय एकादश संघाविरुद्ध इंग्लंडच्या दोन्ही सलामीवीरांनी, लिन थॉमस (१३४) आणि एनिड बेकवेल (नाबाद १०१) यांनी, एकाच डावात शतके केली. पुरुषांच्या स्पर्धेला तेव्हा आणखी दोन वर्षे अवकाश होता.

पुरुषांचा पहिला विश्वचषक ७ जून १९७५ रोजी सुरू झाला. लॉर्ड्सवर भारताविरुद्ध इंग्लंडच्या डेनिस एमिसने १३७ धावा केल्या. त्याच दिवशी बर्मिंगहॅमला न्यूझीलंडच्या ग्लेन टर्नरने पूर्व आफ्रिकेविरुद्ध नाबाद १७१ धावा केल्या. सामने तेव्हा ६० षटकांचे असत. एमिसच्या त्याच सामन्यात सुनील गावसकर सगळी ६० षटके खेळून नाबाद ३६ धावांवर परतले. त्यासाठी त्यांनी १७४ चेंडू घेतले होते. एकदिवसीय फलंदाजी म्हणजे नेमके काय, याचा अंदाजच तेव्हा आपल्याकडे आला नव्हता. तो वेस्ट इंडीजला आला होता. अंतिम सामन्यात ३ बाद ५० अशी अवस्था असताना कर्णधार क्लाइव्ह लॉईड आला आणि त्याने ८५ चेंडूंत १०२ धावा केल्या. वेस्ट इंडीजने सामना १७ धावांनी जिंकला, म्हणजे त्या शतकावाचून चषक ऑस्ट्रेलियाकडे गेला असता.

१९७५ च्या १५ सामन्यांत सहा शतके झाली, १९७९ मध्ये फक्त दोन. १९८३ मध्ये आठ. पुढे २०१५ मध्ये हा आकडा ३८ वर गेला आणि २०२३ मध्ये ४८ सामन्यांत ४० शतके झाली. पाच सामन्यांमागे दोन शतके होत असत, तिथे आता चार होतात, आणि तीही षटके साठावरून पन्नासवर आलेली असताना. याची कारणे खेळाच्या नियमांत आहेत. दोन्ही टोकांकडून वेगवेगळा नवा पांढरा चेंडू वापरू लागल्यावर चेंडू जुना होईना, त्यामुळे उत्तरार्धात मिळणारा रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुन्या चेंडूचे हवेत उलट दिशेला वळणे, जवळपास संपला. तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर मधल्या षटकांत पाचऐवजी चारच क्षेत्ररक्षक ठेवण्याची सक्ती आली. बॅटच्या कडा जाड झाल्या, सीमारेषेचे दोर आत आले, आणि ट्वेंटी-२० मध्ये वाढलेली पोरे पहिल्या चेंडूपासून उंच फटका मारायला कचरेनाशी झाली. म्हणून १९८३ चे शतक आणि २०२३ चे शतक एकाच तराजूत घालणे अन्यायाचे आहे.

टनब्रिज वेल्स, १८ जून १९८३

भारतीय शतकांचा विषय निघाला की सुरुवात इथूनच होते आणि व्हायलाही हवी. झिम्बाब्वेविरुद्ध नाणेफेक जिंकून कपिल देवने फलंदाजी घेतली. गावसकर शून्यावर, श्रीकांत शून्यावर, अमरनाथ पाच, संदीप पाटील एक. ४ बाद ९. मग यशपाल शर्मा गेला तेव्हा धावफलक ५ बाद १७. उपांत्य फेरी गाठायची तर हा सामना हातचा जाऊ देणे परवडणारे नव्हते. कपिलने आधी काही केले नाही, नुसता उभा राहिला. रॉजर बिन्नीबरोबर ६० धावा जोडल्या, मदनलालबरोबर आणखी ६२. आठवी विकेट १४० वर पडली आणि सय्यद किरमाणी आला. त्यानंतर जे झाले त्याला भागीदारी हा शब्द तोकडा आहे. नवव्या जोडीने न तुटता १२६ धावा केल्या, त्यांत किरमाणीच्या २४. कपिल १३८ चेंडूंत नाबाद १७५, १६ चौकार आणि ६ षटकार. भारत ८ बाद २६६. झिम्बाब्वे २३५ पर्यंत आली आणि भारत ३१ धावांनी जिंकला.

एकदिवसीय सामन्यात भारतीय फलंदाजाने केलेले हे पहिलेच शतक, आणि त्या वेळी जगातली सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्याही; टर्नरचे १७१ मागे पडले. कपिलला पुन्हा कधी एकदिवसीय शतक करता आले नाही. या डावाचे चित्रीकरण झालेले नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या सांगण्यातून आणि धावफलकाच्या आकड्यांतूनच तो आपल्यापर्यंत आला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते विश्वचषकातले सर्वांत मोलाचे शतक हेच, कारण सात दिवसांनी लॉर्ड्सच्या गच्चीत उंचावलेला चषक या एका दुपारवर उभा होता.

नागपूर ते वानखेडे

१९७५ ला ज्यांच्या ३६ धावांवर टीका झाली, त्याच गावसकरांनी ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध ८५ चेंडूंत शतक पूर्ण केले. अंगात ताप होता. चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक त्याच डावात घेतली होती आणि भारतापुढे २२२ धावांचे लक्ष्य होते. नुसते जिंकून भागणार नव्हते. धावगतीच्या हिशोबात ऑस्ट्रेलियाला मागे टाकले तर उपांत्य सामना मुंबईत, नाहीतर लाहोरला. गावसकरांनी इवेन चॅटफील्डच्या एका षटकात लागोपाठ दोन षटकार आणि दोन चौकार मारले. एरवी चेंडू जमिनीलगत ठेवणारा हा फलंदाज नाबाद १०३ वर परतला आणि सामना ३२.१ षटकांतच संपला. त्यांचे हे एकमेव एकदिवसीय शतक.

नागपूरच्या त्या शतकाने भारताला वानखेडेवरचा उपांत्य सामना मिळवून दिला, आणि तिथे इंग्लंडच्या ग्रॅहम गूचच्या शतकाने तो हिरावून घेतला. ५ नोव्हेंबरला गूचने मणिंदर सिंग आणि रवी शास्त्री या डावखुऱ्या फिरकीपटूंना एकच फटका मारत ठेवला : स्वीप. ऑफच्या बाहेरचा चेंडूही तो गुडघ्यावर बसून लेगला झाडत होता. त्याने ११५ केल्या, भारत ३५ धावांनी हरला. गावसकर त्या दिवशी चार धावांवर त्रिफळाचीत झाले आणि तो त्यांचा अखेरचा एकदिवसीय सामना ठरला.

ब्रिस्टल, २३ मे १९९९

मराठी वाचकाला या शतकाबद्दल वेगळे सांगायला नको, तरी नोंद हवी. सचिन तेंडुलकरचे वडील, कवी आणि मराठीचे प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांचे १९ मे रोजी निधन झाले. सचिन मुंबईला आला. त्याच्याविना भारत झिम्बाब्वेकडून लेस्टरला तीन धावांनी हरला. अंत्यसंस्कार आटोपून तो परत गेला आणि केनियाविरुद्ध चौथ्या क्रमांकावर येऊन त्याने १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा केल्या. राहुल द्रविडबरोबर (नाबाद १०४) त्याची २३७ धावांची न तुटलेली भागीदारी झाली. शतक झाल्यावर त्याने मान वर करून आकाशाकडे पाहिले. पुढच्या प्रत्येक शतकानंतर दिसणारी ती मान इथून सुरू झाली. केनियाची गोलंदाजी दुबळी होती असे कुणी म्हणेल. पण त्या दिवशी समोर फक्त केनिया नव्हती.

तीनच दिवसांनी टाँटनला सौरव गांगुलीने (१८३) आणि द्रविडने (१४५) श्रीलंकेविरुद्ध ३१८ धावांची भागीदारी केली.

हरलेली शतके

शतक करूनही संघ हरला, अशांची यादी लांब आहे आणि तिच्यात मोठमोठी नावे आहेत. १९८७ ला हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध झिम्बाब्वेच्या डेव्ह हॉटनने १४२ धावा केल्या आणि झिम्बाब्वे तीन धावांनी हरली. १९९६ ला दिल्लीत श्रीलंकेविरुद्ध सचिनचे १३७ वाया गेले. २०११ ला नागपूरलाच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने १११ केल्या तेव्हा भारत १ बाद २६७ होता. उरलेले नऊ गडी २९ धावांत गेले आणि सामनाही गेला. रोहित शर्माने २०१९ मध्ये एकाच स्पर्धेत पाच शतके केली, आजवर दुसऱ्या कुणी केलेली नाहीत. उपांत्य सामन्यात तो एका धावेवर बाद झाला आणि भारत घरी परतला.

पुरुषांच्या अंतिम सामन्यात सात शतके झाली आहेत : लॉईड, व्हिव रिचर्ड्स (१९७९, नाबाद १३८), अरविंद डिसिल्व्हा (१९९६), रिकी पॉन्टिंग (२००३), ॲडम गिलख्रिस्ट (२००७), महेला जयवर्धने (२०११) आणि ट्रॅव्हिस हेड (२०२३). यांतला एकटा जयवर्धने हरलेल्या बाजूला. वानखेडेवरच्या त्या रात्री त्याचे नाबाद १०३ नजाकतीचे होते, पण सामना नेला तो शतकाला न पोचलेल्या दोघांनी, मातीने माखलेल्या शर्टातल्या गौतम गंभीरच्या ९७ ने आणि धोनीच्या नाबाद ९१ ने. शतकांची यादी वाचताना हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

विक्रम

पुरुषांत सर्वाधिक शतके रोहितची, सात. तो जन्माने नागपूरचा आणि क्रिकेटने बोरिवलीचा. त्यामागे सचिन आणि डेव्हिड वॉर्नर प्रत्येकी सहा. कुमार संगकाराने २०१५ मध्ये सलग चार सामन्यांत चार शतके केली. सर्वोच्च धावसंख्या मार्टिन गप्टिलची नाबाद २३७ (वेलिंग्टन, २०१५) आणि सर्वांत वेगवान शतक ग्लेन मॅक्सवेलचे ४० चेंडूंतले (दिल्ली, २०२३).

पहिले द्विशतक मात्र ख्रिस गेलचे नव्हे. २०१५ मधल्या त्याच्या २१५ धावांच्या १७ वर्षे आधी, १६ डिसेंबर १९९७ रोजी, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या. विश्वचषकातलेच नव्हे, सगळ्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक, आणि ते मुंबईत झाले.

७ नोव्हेंबर २०२३ ला मुंबईने वानखेडेवर आणखी एक द्विशतक पाहिले. अफगाणिस्तानच्या इब्राहिम झादरानने नाबाद १२९ करून आपल्या देशाचे विश्वचषकातले पहिले शतक नोंदवले. २९२ च्या पाठलागात ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१. मॅक्सवेलचा झेल ३३ वर सुटला. पुढे त्याच्या पायांत असे गोळे आले की पळणे सोडाच, पाऊल हलवता येईना. तो जागच्या जागी उभा राहून नुसत्या हातांनी आणि मनगटांनी षटकार मारत राहिला. समोर पॅट कमिन्सने ६८ चेंडूंत १२ धावा करून टोक धरले. मॅक्सवेल १२८ चेंडूंत नाबाद २०१, सामना ऑस्ट्रेलियाचा. आठ दिवसांनी त्याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात विराट कोहलीने आपले ५० वे एकदिवसीय शतक केले आणि सचिनचा ४९ चा विक्रम सचिनच्याच डोळ्यांदेखत मोडला.

नवी मुंबई, २०२५

महिलांच्या विश्वचषकात हरमनप्रीत कौरने २०१७ ला डर्बी येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेल्या नाबाद १७१ धावांनी भारतात या स्पर्धेकडे बघण्याची नजर बदलली. सांगलीच्या स्मृती मानधनाची विश्वचषकातली शतकेही त्याच वर्षी सुरू झाली. ३० ऑक्टोबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर ऑस्ट्रेलियाने उपांत्य सामन्यात ३३८ धावा केल्या. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज तिसऱ्या क्रमांकावर आली. हरमनप्रीतबरोबर (८९) तिने १६७ धावा जोडल्या. शतक पूर्ण झाले तेव्हा तिने ना बॅट उंचावली ना हात. विजय अजून लांब होता. नाबाद १२७ धावांवर सामना संपला तेव्हा ती रडली.

तीन दिवसांनी त्याच मैदानावरच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुलवार्ट हिने १०१ धावा केल्या. दीप्ती शर्माच्या गोलंदाजीवर तिने उंच मारलेला चेंडू अमनज्योत कौरच्या हातांतून दोनदा निसटला आणि तिसऱ्या खेपेला तिने तो एका हातात धरला. भारत ५२ धावांनी जिंकला.