रुबलचा छापखाना आणि रशियाचे शेजारी

रशिया शेजाऱ्यांना पुन्हा जवळ ओढतो आहे, ही चर्चा हल्ली २०१५च्या युरेशियन आर्थिक संघापासून, म्हणजे रशिया आणि काही शेजाऱ्यांच्या व्यापारी गटापासून सुरू होते. मग १९९३चा उन्हाळा नजरेआड होतो आणि शेजाऱ्यांचा अविश्वास कळेनासा होतो.

डिसेंबर १९९१मध्ये सोव्हिएत संघ फुटून पंधरा देश वेगळे झाले, पण रुबल एकच राहिला. नोटांचे छापखाने सगळे रशियात. कर्जवाटप मात्र पंधराही मध्यवर्ती बँकांच्या हातात. एकाने सढळ हाताने कर्ज वाटलं की फायदा त्याच्या कारखान्यांना आणि महागाई सगळ्यांना. म्हणून जुलै १९९२पासून रशियाने आपल्या मध्यवर्ती बँकेत प्रत्येक देशाचं खातं वेगळं काढलं. ‘रुबल क्षेत्र’ म्हणजे रुबल वापरणारे सगळे देश; या शब्दाचा घोटाळा इथेच आहे. कझाकस्तानातल्या खात्यातला रुबल आता रशियातल्या खात्यातल्या रुबलच्या बरोबरीचा राहिला नाही. सामाईक उरली ती फक्त खिशातली नोट.

शनिवार, २४ जुलै १९९३ रोजी तीही गेली. रशियाने १९६१ ते १९९२ दरम्यानच्या नोटा बाद केल्या. माणशी ३५,००० रुबल बदलून मिळणार होते. ओरड झाल्यावर मर्यादा १,००,००० झाली आणि मुदत ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. नव्या नोटेवर क्रेमलिन आणि तिरंगी झेंडा होता. शेजारी देशांत मात्र लेनिनच्या चित्राची जुनी नोट चालूच होती. रशियात रद्दी झालेला पैसा साहजिकच माल खरेदीसाठी तिकडे वळला आणि तिथले भाव भडकले. आपली तिजोरी सावरण्याचं मॉस्कोचं कारण खरं होतं, पण शेजाऱ्यांना तयारीला वेळ न देणं अक्षम्य होतं.

त्यानंतरही सप्टेंबरमध्ये रशियासह सहा देशांनी ‘नव्या प्रकारच्या रुबल क्षेत्रा’वर सह्या केल्या. पुढे मॉस्कोची अट आली: नव्या नोटा कर्जाऊ मिळतील, त्यापोटी सोनं किंवा परकीय चलन ठेवा. कझाकस्तानने १५ नोव्हेंबरला ५०० रुबलला १ टेंगे या दराने स्वतःचं चलन आणलं. उझबेकिस्ताननेही त्याच सुमारास तेच केलं. युद्धाने पोळलेला ताजिकिस्तान तेवढा मे १९९५पर्यंत रुबलवर राहिला.

बेलारूसबरोबर १९९९मध्ये संयुक्त राज्याचा करार झाला. २००५पासून तिथे रशियन रुबल चालायचा होता. नोटा काढण्याचं केंद्र एक की दोन, यावर ते अडलं. आजही मिन्स्कमध्ये बेलारूसचाच रुबल चालतो.

रशिया, कझाकस्तान आणि बेलारूस यांच्या जकात संघाचं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर सामाईक शुल्क लावण्याचं जमलं, कारण तिथे वाटा आधी लिहून ठेवला होता. २०१०मध्ये आयात शुल्कातले ८७.९७ टक्के रशियाला, ७.३३ कझाकस्तानला आणि ४.७० बेलारूसला असं ठरलं. शुल्काचे दर बहुतांशी रशियाचेच राहिले. त्यामुळे जुलै २०११पासून परदेशातून जुनी गाडी आणणं कझाक ग्राहकाला चांगलंच महागात पडू लागलं. मे २०१४मध्ये कझाकस्तानच्या राजधानीत, अस्तानात, युरेशियन आर्थिक संघाच्या करारावर सह्या झाल्या, तेव्हा कझाकस्तानच्या आग्रहाने सामाईक संसद आणि नागरिकत्व वगळलं गेलं. सामाईक चलनाची तरतूदही त्या करारात नाही.