ऑईल कॅपखालचा पांढरा थर

पावसाळा सुरू झाला की गाडीवाल्यांकडून एक प्रश्न हमखास कानावर येतो. बॉनेट उघडून इंजिन ऑईल ओतायचे झाकण फिरवले आणि त्याच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळसर-पांढरा थर दिसला, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा माथा आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये बसून ऑईल आणि कूलंट एकमेकांत मिसळू न देणारी पट्टी, गेले असे समजायचे का? जुन्या गाड्या घेताना अनेक जण याचे उत्तर बेधडक ‘हो’ असे देतात आणि त्यापायी एखादे धडधाकट इंजिन विनाकारण उघडले जाते. हा थर पाण्यामुळे होतो, एवढे त्यात खरे आहे. मात्र ते पाणी बहुतेक वेळा कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, नसते, तर पेट्रोल जळूनच तयार झालेले असते.

हे समजण्यासाठी शाळेतले रसायनशास्त्र पुरेसे आहे. पेट्रोल हे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण असते. त्यांचा प्रतिनिधी म्हणून ऑक्टेन घेतले, तर 114 ग्रॅम ऑक्टेन पूर्ण जळाल्यावर 162 ग्रॅम पाणी तयार होते, कारण त्यातला ऑक्सिजन हवेतून येतो. या हिशेबाने 1 लिटर पेट्रोल जाळले की जवळजवळ 1 लिटर पाणी वाफेच्या रूपात निर्माण होते. त्यातले बहुतांश सायलेन्सरवाटे निघून जाते, परंतु पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला कितीही घट्ट बसल्या तरी ज्वलनवायूंचा थोडासा अंश त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळीत, झिरपतो आणि तिथून वरच्या टॅपेट कव्हरपर्यंत, म्हणजे ऑईल कॅप ज्याला बसवलेली असते त्या आवरणापर्यंत, पोहोचतो.

आता चुलीवरचे भाताचे पातेले आठवावे. वाफ सगळीकडे असते, पण थेंब जमतात ते झाकणाला, कारण ते आतल्या भातापेक्षा थंड असते. ऑईल कॅपही अशीच इंजिनाच्या माथ्यावर, ज्वलनकक्षापासून दूर आणि बाहेरच्या हवेच्या संपर्कात असते. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत कूलंट तापल्याचे काट्यावर दिसले, तरी ऑईल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. गार झाकणाखाली वाफेचे पाणी होते, त्यावर ऑईलचे तुषार उडत राहतात आणि दोन्ही घुसळली जातात. एरवी तेल आणि पाणी लगेच वेगळे झाले असते, पण इंजिन ऑईलमध्ये मळ तरंगत ठेवण्यासाठी जी रसायने मिसळलेली असतात, त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला धरून राहते. हे रेणू पाण्याच्या प्रत्येक सूक्ष्म थेंबाभोवती कडे करतात आणि थेंबांना एकमेकांत विलीन होऊ देत नाहीत. तेलात पाणी असे अडकून राहिले की त्याला पायस म्हणतात. लोणी हेही याच जातीचे पायस आहे. काही मायक्रोमीटर आकाराचे हे थेंब प्रकाशातले सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून मुळात सोनेरी असलेले ऑईल पांढुरके दिसते. महामार्गावर तास-दीड तास गाडी चालवली की तापलेल्या ऑईलमधून पाणी उडून जाते आणि हा थर बहुधा कमी होतो.

उडालेल्या वाफेला वाटही हवी. पूर्वीच्या अनेक इंजिनांत क्रँककेसमधले वायू सरळ रस्त्यावर सोडले जात आणि झाकणाला जाळी असल्याने ताजी हवा त्यातूनच आत जाई. हे वायू धुरक्याला हातभार लावतात हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियाने 1961 मध्ये ते पुन्हा इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था, म्हणजे पीसीव्ही, सक्तीची केली. पुढे झाकणाने हवाबंद असणे महत्त्वाचे ठरले. रबरी सील कडक झाले, तर ऑईल पाझरतेच, शिवाय न मोजलेली हवा आत शिरते. आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या इंजिनात त्यामुळे हवा-पेट्रोलचे मिश्रण विरळ होते, आयडलिंग (उभ्या गाडीतले इंजिनाचे चालणे) बिघडते आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लागू शकतो.

कूलंटची पातळी वारंवार उतरत असेल, डिपस्टिकवरचे (ऑईलची पातळी पाहायच्या पट्टीवरचे) ऑईलही दुधाळ झाले असेल किंवा इंजिन तापत असेल, तरच हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. डिपस्टिक स्वच्छ आणि थर फक्त झाकणाला असेल, तर तो पुसून टाकणे पुरे. अशा वेळी इंजिन आतून धुण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘इंजिन फ्लश’च्या बाटल्या विकत घेण्याची काहीही गरज नाही, त्या बाटलीतल्या द्रवाने रोजच्या छोट्या फेऱ्या लांब होत नाहीत. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांच्या फटींतून किती वायू खाली येतो ते, पाहण्यासाठी चालू इंजिनाची कॅप काढणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की थोडी वाफ प्रत्येक इंजिनातून येते आणि गरम ऑईल अंगावर उडू शकते.

झाकण बदलायचे असेल, तर इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे आणि आधी भोवतालची धूळ पुसावी, म्हणजे ती आत पडणार नाही. सीलला चिरा पडल्या असतील किंवा ते चपटे होऊन कडक झाले असेल, तर ते बदलावे. काही गाड्यांना सील सुटे मिळते, काहींना पूर्ण झाकणच घ्यावे लागते. नवे झाकण त्याच मॉडेलचे आणि त्याच इंजिनाचे असावे, कारण आटे सारखे दिसले तरी खोली वेगळी असू शकते. सीलला बोटाने ऑईलचा हात फिरवून झाकण हातानेच घट्ट करावे. पान्हा किंवा पकड लावल्यास प्लॅस्टिकचे खाचे तुटतात. नवे सील बसवूनही कडेने ऑईल येत राहिले, तर तिसरे झाकण आणण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्यावा, कारण तो तुंबला की आतला दाब ऑईलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो.