शंखाचा समुद्र आणि बडोद्याचं दप्तर

गणपतीत बडोद्यात दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत आरतीला शंख फुंकला जातो. तो शंख कुणाचं तरी घर होतं, हे तेव्हा कुणाच्या मनात येत नाही. टर्बिनेला पायरम हे त्या जिवाचं शास्त्रीय नाव. मांसाहारी समुद्री गोगलगाय ती. वाळूत तोंड खुपसून किडे खाते. युरोपात ‘व्हेल्क’ म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या गोगलगाईशी तिचं लांबचं नातं आहे.

बडोद्याला समुद्र नाही, पण बडोदा संस्थानाला होता. काठेवाडाच्या पश्चिम टोकाचं ओखामंडळ एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गायकवाडांकडे आलं. द्वारका त्यातच, बेट द्वारकाही त्यातच. बेटाचं जुनं नाव शंखोद्धार. पाञ्चजन्याची कथा तिथले पंडे आजही सांगतात.

या किनाऱ्यावर नेमकं काय आहे, हे सयाजीराव महाराजांच्या सरकारला शास्त्रीय रीतीने तपासून हवं होतं. सिलोनच्या मोती-मासेमारीवर काम केलेले जेम्स हॉर्नेल १९०५-०६ मध्ये ओखामंडळात आले. त्यांच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये निघाला, दुसरा १९१६ मध्ये. मोती, पिंडाऱ्याच्या खाडीतले खिडकीच्या काचेसारखे पातळ शिंपले, स्पंज, शंख, सगळ्याची नोंद त्यात आहे. संस्थानाच्या कारभाराचं कौतुक करताना आपण ग्रंथालयं आणि सक्तीचं शिक्षण यांवर थांबतो. गोगलगाईंवर खर्च केलेला पैसा कुणी मोजत नाही. हॉर्नेल पुढे मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे संचालक झाले, आणि १९१४ मध्ये त्यांनी केवळ शंखावर एक पुस्तक लिहिलं.

ओख्याची पद्धत दक्षिणेपेक्षा निराळी. ओख्याला ओहोटी लागली की तिथले स्थानिक वाघेर लोक उघड्या पडलेल्या खडकाळ पठारावर उतरून हातानं शंख वेचत. तुतीकोरिनला मात्र पाणबुडे दम कोंडून तळ गाठत आणि माल बंगालात बांगड्यांसाठी जाई. तुतीकोरिनला सरकारनं एक साधी सोय केली होती: ठरावीक मापाच्या भोकातून जो शंख आरपार जाईल तो लहान समजायचा आणि जिवंतच परत समुद्रात सोडायचा. माप सव्वादोन इंचांच्या आसपास.

हे माप का महत्त्वाचं, ते शंखाच्या अंड्यांत कळतं. मादी मेंढ्याच्या शिंगासारखी पिळदार, आडव्या कप्प्यांची लांब पेटी घालते आणि तिचं खालचं टोक वाळूत रोवते. आतून बाहेर पडतात ते चिमुकले, पूर्ण घडलेले शंख. शिंपल्याच्या पिल्लांसारखी प्रवाहात तरंगत दूर जाण्याची अवस्था यांच्या आयुष्यात नाहीच. जिथे जन्मले तिथेच सरपटायचं. त्यामुळे एखादा टापू उपसून रिकामा केला, तर शेजारचा टापू तो भरून देत नाही. उत्तर अटलांटिकच्या व्हेल्कचंही असंच. त्याच्या अंड्यांच्या एका कप्प्यातली बहुतेक अंडी मोजक्या पिल्लांचा खुराक होतात. युरोपीय संघानं पकडण्याचं किमान माप ४५ मिलिमीटर ठरवलं, पण व्हेल्क वयात येतो तो प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या आकाराला. अनेक ठिकाणी ४५ चा व्हेल्क अजून पोरच असतो. सगळ्या समुद्राला एकच पट्टी लावण्याची हौस तिकडेही आहे.

ओखामंडळाचा शंख हॉर्नेलच्याही फार आधीचा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं द्वारकेजवळच्या नागेश्वरला उत्खनन केलं, तेव्हा हडप्पाकालीन शंखकामाचा अख्खा कारखानाच हाती लागला. कारागीर आधी टोक फोडत, मधला पिळदार दांडा काढून टाकत, मग कांस्याच्या करवतीनं पोकळ भागाच्या चकत्या कापत आणि त्या आतून घासत. वेढा जुळतो तिथे उरणाऱ्या खाचेवर उलट्या-सुलट्या ‘व्ही’सारखी रेघ कोरायची, म्हणजे खोट झाकून नक्षी दिसे. चार हजार वर्षांपूर्वीची ही युक्ती आजच्या कुठल्याही सोनाराला पटेल. दुसऱ्या एका काटेरी शंखाच्या पळ्या करत. मोरबीकडच्या बगसराला याच विभागाला कच्च्या शंखांचे ढीग सापडले.

संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं. ओखा बंदर, जे बडोद्यानंच १९२६ मध्ये सुरू केलं होतं, मासेमारीच्या ट्रॉलरांनी भरलं. तळ खरवडणारं जाळं शंखाचं वय बघत नाही. भोकाच्या मापानं निवड करायची ती किनाऱ्यावर, तोवर बराचसा माल मेलेला असतो. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याचा काही भाग १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झाला. त्या हद्दीत काहीही वेचायला मनाई आहे. हद्दीबाहेर मात्र ओहोटीच्या पठारावर आणि जाळ्यात जे येईल ते येतं, आणि पूजेच्या दुकानात शंख विकत घेणारा तो कुठून आला हे विचारत नाही.