पाढे अडतात, ठोकळे आठवतात: डाऊन, विल्यम्स आणि स्मरणशक्तीचे कप्पे

सांगलीतल्या शाळांत पाढे अजूनही एका सुरात म्हणवून घेतात. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल तिथे मागे पडलं की ‘याच्या लक्षातच राहत नाही’ असं ठरून जातं. लक्षात राहणं ही एकच गोष्ट आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये इंग्लंडमध्ये या मुलांचं वर्णन लिहिलं. त्यांनी वंशावरून केलेली वर्गवारी पार चुकीची ठरली. पण ही मुलं नक्कल छान करतात, हे त्यांनी अचूक टिपलं होतं. २१ वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं, हे कारण कळायला १९५९ उजाडलं. (त्याचं श्रेय बरीच वर्षं एकट्या फ्रेंच डॉक्टर जेरोम लेज्यून यांना मिळालं. पेशी वाढवण्याचं तंत्र पॅरिसमध्ये उभं करणाऱ्या मार्थ गोतिए मागेच राहिल्या.)

दरम्यान १९६१ मध्ये न्यूझीलंडच्या जे. सी. पी. विल्यम्स यांनी महाधमनी अरुंद असलेल्या, चेहरेपट्टी सारखी असलेल्या चार रुग्णांची नोंद केली. हाच विल्यम्स सिंड्रोम. यात ७ व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो. त्यातलं इलॅस्टिनचं (रक्तवाहिन्यांना लवचिकपणा देणाऱ्या प्रथिनाचं) जनुक १९९३ मध्ये हाती लागलं.

या दोन आजारांना शेजारी ठेवल्यावर खरी गंमत कळली. ऐकलेलं आणि पाहिलेलं क्षणभर धरून ठेवणारे कप्पे वेगळे असतात, असं बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं होतं. वांग आणि बेलुगी यांनी १९९४ मध्ये आणि जॅरोल्ड, बॅडली व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या मुलांकडून ते पडताळून पाहिलं. ऐकलेले आकडे त्याच क्रमाने म्हणायचे, ही एक चाचणी. मांडलेल्या ठोकळ्यांना दाखवलेल्या क्रमाने बोट लावायचं, ही दुसरी. डाऊनची मुलं आकड्यांत अडली, ठोकळ्यांत त्या मानाने बरी निघाली. विल्यम्सचं नेमकं उलट. म्हणजे विल्यम्सचं मूल आरती ऐकून उचलेल, पण समोरची ठिपक्यांची रांगोळी कागदावर उतरवताना बहुधा गोंधळेल. चेहरे मात्र त्याला चांगले आठवतात, त्यामुळे ‘नजरेची स्मृती’ हाही एकच कप्पा नाही.

डाऊनमध्ये कानात पाणी साचून ऐकू कमी येणं नेहमीचं. पण आकड्यांतली अडचण तेवढ्याने उलगडत नाही. म्हणून चित्रं, खुणा, हातवारे वापरून शिकवायचं. अर्थात चित्रं टांगली की झालं, असंही नाही. नवं शिकलेलं दीर्घकाळ टिकवण्यातही या मुलांना अडचण येते.

मला जास्त काळजी वाटते ती डाऊन असलेल्या मोठ्या माणसांची. अल्झायमर या विस्मरणाच्या आजाराशी जोडलेलं एपीपी जनुक २१ व्या गुणसूत्रावरच असल्याने डाऊनमध्ये हा आजार पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीतच दिसू लागतो. विसरणं वाढलं तरी घरचे ‘तो पहिल्यापासूनच तसा’ म्हणून सोडून देतात. थायरॉईडसारखं उपचार होण्याजोगं कारणही मग तपासायचं राहतं. २०१३ पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम डाऊनची मुलं हेरतो, पण त्याची हद्द अठराव्या वर्षापर्यंतच.